वाडा पडायच्या आधी परसातल्या विटांच्या भिंतीची नोंद कशी करावी?

खिडकीतला_बोका
नमस्कार मंडळी. नारायण पेठेतला आमचा वाडा आता जातोय. करार झाला, भाडेकरू निघाले, गणपती झाले की हातोडा पडणार. त्यावर रडायला हा धागा नाही (रडून झालंय). प्रश्न परसातल्या भिंतीचा आहे. ११ मीटर लांब, ४ मीटरहून थोडी उंच, खाली काळ्या दगडाचं जोतं आणि वर विटा. गिलावा बराचसा गळून पडलाय त्यामुळे विटा उघड्या दिसतात, आणि त्या एकसारख्या नाहीत. काही बिस्किटासारख्या पातळ, काही हल्लीच्यासारख्या जाड. मध्येच वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ आहे, भिंत चिरून परत जोडल्यासारखी. बाबा म्हणतात पेशवेकालीन आहे, काका म्हणतात कसली पेशवेकालीन, पानशेतच्या पुरानंतर बांधली. दोघं माझ्या आठवणीत कायम ह्यावर भांडतायत. मला ते मिटवायचं नाहीये, भिंत जायच्या आधी तिची पुरातत्त्ववाले करतात तशी नीट नोंद करून ठेवायची आहे, बस. मी अकाउंट्सवाला माणूस. हाताशी मोबाईल, टेप आणि चार रविवार. कुठून सुरुवात करू?

सदाशिवचा_सदा
आधी भुयार शोध. पुण्यातला वाडा आणि पर्वतीला जाणारं भुयार नाही असं होतच नाही.

खिडकीतला_बोका
आहे ना! जोत्यापाशी एक चौकोनी भोक आहे, दीड फुटाचं. आजोबा सांगायचे शनिवारवाड्यापर्यंत जातं म्हणून.

सदाशिवचा_सदा
मोरी असणार. खिक्क.

मातीतला_माणूस
धागा आवडला. मी उत्खननांवर बरीच वर्षं काढलीयत, थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, "पेशवेकालीन" हा शब्द महिनाभर घरात बोलायचा नाही. "पानशेतनंतरची" हाही नाही. आधी दिसतं ते लिहायचं, मग कशाच्या आधी काय झालं ते ठरवायचं, आणि साल सगळ्यात शेवटी, ते मिळालं तर. लोक बरोबर उलटं करतात, साल आधी ठरवतात आणि मग भिंतीत पुरावे शोधत बसतात.

भिंतीसमोर खुर्ची टाक, चहा घे आणि अर्धा तास नुसतं बघ. मग भिंतीचे भाग पाड (डोळ्यांनी रे). प्रत्येक वेगळ्या कामाला एक नंबर. मूळ विटकाम १, त्यात नंतर पाडलेलं भोक २, ते बुजवणाऱ्या विटा ३, वरचा गिलावा ४. हो, भोकालासुद्धा नंबर. तिथे काही नाही असं वाटतं, पण कोणीतरी कधीतरी छिन्नी घेऊन ते पाडलंय, म्हणजे ती घटना आहे. प्रत्येक नंबराचा एक कागद कर: विटेचा रंग, मापं, दर्जा (दोन विटांमधली फट) किती रुंद, विटा जोडणारा मसाला मातीचा की चुन्याचा की सिमेंटचा, आणि हा भाग कोणाला कापतो, कोणाला टेकतो, कोणाच्या वर आहे. मग सगळे नंबर चौकोनांत लिहून जुनं खाली नवं वर असे रेघांनी जोड. एडवर्ड हॅरिस नावाच्या माणसाने १९७३ साली इंग्लंडात विंचेस्टरच्या उत्खननाच्या नोंदी लावता लावता ही पद्धत काढली, आज जगभर वापरतात. कुळाची वंशावळ असते तशीच दिसते, फक्त भावकीची भांडणं नसतात.

ती उभी रेघ फार महत्त्वाची आहे. गवंडी भिंत पुढे वाढवायची असेल तर विटांचे दात सोडतो आणि नवं काम त्यात गुंतवतो. दात नसतील, सरळ उभी फट असेल, तर दोन कामं वेगवेगळ्या वेळची. आता कुठली बाजू आधीची? जिचा शेवट नीट घडवलेला, विटा सरळ ओळंब्यात (वजन बांधलेली दोरी लोंबते त्या उभ्या रेषेत), ती बहुतेक आधी. जिचा मसाला दुसरीच्या अंगावर चिकटलाय ती नंतरची. जवळून बघ आणि सांग.

आणि घासपूस करू नकोस. तारेचा ब्रश नाही, पाण्याचा फवारा तर अजिबात नाही. रंगाचा मऊ ब्रश, तोही हलक्या हाताने.

फुकटचा_सल्ला
एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी. पडणारच आहे ना? जुन्या विटांना हल्ली हॉटेलवाले, फार्महाऊसवाले चांगला भाव देतात. मोजायच्याच असतील तर विकायला मोजा.

मातीतला_माणूस
पडणार म्हणूनच. उभी राहणार असती तर नंतर कोणीही येऊन बघू शकलं असतं.

लेवलट्यूब
निवृत्त सिव्हिल इंजिनियर आहे, मला मापाचं कळतं, इतिहासाचं नाही. टेप लावून "जमिनीपासून अमुक उंच" असं माप घेऊ नका. परसातली जमीन सपाट नसते, एका टोकाला वीतभर खाली असेल. गवंड्याकडून पारदर्शक लेवल पाईप मागून घ्या. पाणी भरा, आत बुडबुडा राहिला नाही ना बघा, दोन्ही टोकांना पाणी थांबलं की पेन्सिलीने खूण करा. खुणांवर खिळे ठोका, पण दर्जांत, विटेत नाही, आणि दोरी ताणून बांधा. ही तुमची शून्य रेघ. मग टोकापासून दर ५० सेंटीमीटरला त्या रेघेच्या वर किती, खाली किती अशी मापं घ्यायची. आमच्या वेळी असंच करायचो.

आणि सर्वांत आधी वरून ओळंबा सोडून भिंत किती झुकलीय ते बघा. उघडी, ओली भिंत आहे. तिच्या पायाशी बसून चहा पिण्याची आयडिया मला पसंत नाही, उंचीपेक्षा जास्त अंतरावर खुर्ची टाका.

वाईकर_वहिनी
लेवलट्यूबकाकांना +१. आमच्या वाईच्या वाड्याला ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात तडा गेला होता. सासरे सांगायचे, पहाटे सगळे अंगणात धावले आणि उजाडल्यावर बघतात तर माजघराच्या भिंतीत हात जाईल एवढी फट. नंतर ती सिमेंटने भरली. काही वर्षांपूर्वी आम्हाला शंका आली की ती परत उघडतेय, तर एका इंजिनियरने तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून दिली आणि तारीख लिहिली. म्हणाला, भिंत हलली तर काच तडकेल. मी रोज सकाळी देवपूजा झाली की काच बघायला जायचे. एका पावसाळ्यात तडकली. आवाज वगैरे काही नाही, केसाएवढी रेघ. त्या दिवसापासून तिथे मुलांना झोपू दिलं नाही.

अवांतर झालं, पण तडे आणि त्यांचं बुजवणंही नोंदीत घ्या. आमच्या भिंतीत साल सांगणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

थेम्सकाठची_मंजू
अवांतर कसलं, तेच तर मुख्य आहे! मी इंग्लंडमध्ये हेच काम करते, पाडकामाच्या आधी जाऊन जुन्या घरांची नोंद. इथे तिच्या चार पातळ्या मानतात, पहिलीत बाहेरून फोटो आणि चार ओळी, चौथीत कागदपत्रांसकट सगळा इतिहास. बोक्या, तू दुसरी-तिसरीच्या मध्ये कुठेतरी रहा, चार रविवारांत तेवढंच होतं.

विटांची मापं: प्रत्येक भागातल्या किमान वीस विटा मोज, एक मोजून "वीट २२ सेंमी" लिहू नकोस. हातसाच्याच्या विटा एकीसारखी दुसरी नसते. लांबी आणि जाडी समोरून मिळते, रुंदीसाठी आडव्या घातलेल्या विटांची तोंडं किंवा कोपरा शोध. शिवाय दहा थरांची एकूण उंची घे, दर्जांसकट. हा आकडा फार कामाचा, दोन भाग डोळ्यांना सारखे वाटले तरी ह्यात फरक पडतो.

चित्र १:२० ने काढ. ११ मीटरची भिंत कागदावर ५५ सेंमी होते, म्हणजे ए-टू कागदावर आडवी मावते. पण चार सेंमी जाडीची वीट दोन मिलिमीटरची होणार, त्यामुळे ४एच पेन्सिल आणि टोक सतत तासलेलं. उभ्या रेघेच्या आजूबाजूचा गुंतागुंतीचा भाग वेगळा १:१० ने काढ. प्रत्येक वीट काढायची गरज नाही, कडा, भोकं, तडे आणि नमुन्यादाखल एक चौरस मीटर विटन् वीट.

फुकटचा_सल्ला
विटेच्या मापावरून काळ सांगता येतो असं ऐकलंय. मग पातळ म्हणजे पेशवे, जाड म्हणजे इंग्रज. झालं की, संपला धागा.

थेम्सकाठची_मंजू
इतकं सोपं असतं तर मला पगार कोणी दिला असता? इथे १७८४ ते १८५० विटांवर कर होता, तोही नगावर. म्हणून लोकांनी मोठ्या विटा पाडायला सुरुवात केली, मग १८०३ मध्ये सरकारने १५० घन इंचांपेक्षा मोठ्या विटेवर दुप्पट कर लावला. ऐकायला फार छान गोष्ट, पण वीट मोठी दिसली की लगेच करामुळे असं म्हणायची सोय नाही. त्यात जुन्या विटा परत वापरणं तर सगळीकडेच. विटेचं वय आणि भिंतीचं वय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मातीतला_माणूस
बरोबर. आणि आपल्याकडे पेशवाई १८१८ ला संपली म्हणून गवंड्यांनी दुसऱ्या दिवशी साचे बदलले नाहीत. पातळ विटा पुढेही चालू होत्या. उलट दिशेलाही तेच, सातवाहन काळातल्या विटा आजच्या विटेपुढे केवढाल्या मोठ्या असतात. म्हणजे माप काळाबरोबर एकाच दिशेने जात नाही. विटकामाचा काळच जाणून घ्यायचा तर प्रयोगशाळेत वीट शेवटची कधी तापली ते काढता येतं, पण ते खर्चिक आहे आणि तेही विटेचंच वय सांगणार, भिंतीचं नाही.

सदाशिवचा_सदा
धाराशिवजवळच्या तेर गावच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या विटा राहिल्या की. बोक्या, एक वीट बादलीत टाकून बघ.

खिडकीतला_बोका
टाकली. बुडली. वर बुडबुडे आले आणि बादलीतलं पाणी लाल झालं, आई ओरडली.

ड्रोनाचार्य
फोटोंचं माझ्याकडे द्या. एक फोटो उभं राहून काढलात की वरच्या विटा लहान आणि खालच्या मोठ्या दिसणार, त्यावरून माप घेता येत नाही. फोटोग्रामेट्री करा, म्हणजे बरेच फोटो जोडून भिंतीचं मापात मॉडेल, मोबाईलने होते. भिंतीला समांतर चालत, दर दोन पावलांना एक फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्याचा ६० ते ८० टक्के भाग आला पाहिजे. एक ओळ खालून, एक शिडीवरून, मग दोन्ही टोकांकडून तिरपे. झूम नाही, फ्लॅश नाही, एक्स्पोजर लॉक. ढगाळ दिवस उत्तम, उन्हात अर्ध्या भिंतीवर शेजारच्या इमारतीची सावली येते आणि मॉडेल चितकबरं होतं. भिंतीवर चार कागदी खुणा लावा आणि लेवलट्यूबकाकांच्या शून्य रेघेपासून त्यांची मापं घ्या, म्हणजे मॉडेलला खरं माप मिळेल. मेशरूम नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पट्टी आणि नंबराची पाटी फोटोत हवीच.

एक वेगळा फोटो रात्री काढा. अंधारात टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. तिरप्या उजेडात असे उंचवटे दिसतात की दिवसा दहा वेळा समोरून गेलात तरी कळणार नाहीत.

मोडी_लिपीक
कागद विसरू नका. प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा नकाशा, खरेदीखत, आणि मुख्य म्हणजे वाटणीपत्र. भिंत कोणाची आणि दार कोणी कोणत्या बाजूला उघडायचं ह्यावर वाटणीपत्रात जे बारकावे असतात ते कुठल्या बखरीत नसतात. मोडीत असेल तर फोटो टाका, वाचून देतो.

आणि पाडताना भिंतीत हंडा निघाला तर गुपचूप वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. दहा रुपये हा आकडा अजून तोच आहे.

सदाशिवचा_सदा
म्हणजे भिंतीत वडापाव सापडला तरी कलेक्टर.

पेठेतली_पोर
हा वाडा शनिवारवाड्याच्या जवळ नाही ना? प्राचीन वास्तूंच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी. आमच्या मावशीचा वाडा त्या शंभरात येतो. ना पाडता येत, ना बांधता येत, टेकू लावून उभा आहे. तुम्हाला निदान चार रविवार तरी मिळाले. (चिडचिड इथेच थांबवते, धागा भरकटेल.)

खिडकीतला_बोका
नाही, आम्ही त्या हद्दीबाहेर आहोत. मावशींबद्दल वाईट वाटलं.

दोन रविवार झाले. अपडेट.

उभ्या रेघेच्या उजवीकडे पातळ विटा, सरासरी २२ × १४ × ४ सेंमी, दहा थर ५२ सेंमी. मसाला पांढरट, त्यात चुन्याचे गोळे आणि लाल भुकटी. डावीकडे जाड विटा, जाडी ७, दहा थर ८३, मसाला करडा आणि खिळ्याने ओरखडत नाही. रेघेत दात नाहीत. उजव्या बाजूचा शेवट एकदम सरळ आणि डावीकडचा करडा मसाला त्याच्यावर फासला गेलाय. म्हणजे उजवी आधी, डावी नंतर, बरोबर ना? घोळ असा की डाव्या भागात अगदी वरचे तीन थर पातळ विटांच्या तुकड्यांचे आहेत, पण करड्या मसाल्यात.

ड्रोनाचार्य, दंडवत. रात्री टॉर्च मारला आणि उजव्या भागात एक दार दिसलं! साडेतीन फूट रुंद, जाड विटांनी बुजवलेलं, वर लाकडी पट्टीची खाच. शेजारच्या वाड्यात उघडणारं. घरात कोणी कधी बोललं नव्हतं. चौथ्या थरात एका पातळ विटेवर कुत्र्याचं पाऊल आहे, चार बोटं स्पष्ट. विटा वाळत घातल्या असताना चालून गेलेलं. ताईने ती वीट आत्तापासून बुक केलीय.

व्हिनेगर टाकून बघितलं, चुना फसफसला.

लेवलट्यूब
करडा मसाला सिमेंटचा दिसतो, पण जुनं सिमेंटही व्हिनेगरने थोडं फसफसतं, तेवढ्यावर जाऊ नका. खिळ्याचा ओरखडा त्यापेक्षा बरा. पोरबंदरला सिमेंट निघायला लागलं १९१४ मध्ये, पेठांतल्या घरगुती भिंतींत ते त्याच्या आधी येणं जवळजवळ अशक्य.

मातीतला_माणूस
वरचे तीन थर म्हणजे जुन्या पडलेल्या विटा परत वापरल्या. ह्यासाठीच म्हणत होतो पातळ म्हणजे पेशवे नाही. दार भारीच. आता गिलाव्याच्या मागे दर्जांत काय आहे ते बघ, विशेषतः खालच्या अर्ध्यात.

खिडकीतला_बोका
दर्जांत बारीक राखाडी गाळ भरलाय, टाल्कम पावडरीसारखा, जमिनीपासून साधारण दोन मीटरपर्यंत. त्याच्यावर नाही. बाबा म्हणाले हा पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१, वाड्यात एवढंच पाणी होतं. काका म्हणाले लोणा (ओलीने फुटणारा खार) लागलाय, पूर कसला.

लेवलट्यूब
हे मला येतं! लोणा जमिनीतून वर चढतो, त्याची वरची कड लाटांसारखी वरखाली असते, कुठे गुडघ्याएवढी कुठे कमरेएवढी. पुराचं पाणी स्वतःच लेवल असतं. तुमच्या शून्य रेघेपासून गाळाच्या वरच्या कडेची मापं घ्या, दर मीटरला. सरळ आली तर पूर.

वाईकर_वहिनी
श्वास रोखून बसलेय.

खिडकीतला_बोका
घेतली. उजव्या भागात सात ठिकाणी मापं, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी ह्यांत फरक तीन सेंटीमीटर. आडवी रेघ एकदम सरळ. बुजवलेल्या दारावरूनही तशीच जाते. आणि उभ्या रेघेपाशी येऊन थांबते. डाव्या भागात गाळाचा कण नाही, तीन ठिकाणी गिलावा काढून दर्जा बघितल्या.

थेम्सकाठची_मंजू
बोक्या!! म्हणजे दार १९६१ च्या आधी बुजवलं, आणि डावा भाग पुरानंतरचा.

मातीतला_माणूस
तीन ठिकाणी बघितलंस म्हणून मान्य. नुसती वरून रेघ नाही एवढ्यावर मी मानलं नसतं, गिलावा नवा असू शकतो. बहुतेक जुनी भिंत त्या टोकाला पुरात कोसळली आणि तिच्याच विटा वरच्या तीन थरांत गेल्या, पण हे "बहुतेक" वेगळ्या शाईने लिही. उजव्या भागाबद्दल आपल्याला कळलंय ते एवढंच की तो १९६१ च्या आधीचा, आणि दार पाडून बुजवण्याच्याही आधीचा. पेशवेकालीन असेल, नसेल.

खिडकीतला_बोका
हे बाबांना वाचून दाखवलं. "१९६१ च्या आधीचा म्हणजे काय, मीसुद्धा १९६१ च्या आधीचा आहे" म्हणाले आणि उठून गेले. काका खूश आहेत पण डावीकडच्या अर्ध्याच भिंतीपुरते.

दाराचं आत्याला विचारलं, ती १९४८ ची. तिला ते उघडं आठवत नाही, पण तिची आई त्या जागी उभी राहून भिंतीपलीकडे कोणाला तरी हाका मारायची ते आठवतं. विरजण मागायला. दार बंद झालं तरी सवय गेली नाही म्हणे. हे कुठल्या कागदावर लिहू?

मोडी_लिपीक
दाराच्याच कागदावर, खाली. कोणी सांगितलं, कधी सांगितलं ह्यासकट. वाटणीपत्राचे फोटो मिळाले, वाचतोय. "मधील दार उभयतांनी बंद करावे" एवढं लागलं. सालाचा आकडा घडीवर फाटलाय, खालचा शिक्का बघून सांगतो.

सदाशिवचा_सदा
आणि भुयार?

खिडकीतला_बोका
मोरी. काठी घातली, चार फुटांवर शेजाऱ्यांच्या गटारात निघाली.

सोमवारपासून पाडकाम. मुकादमाशी बोललो, दाराच्या बुजवलेल्या विटा मशीन न लावता वरून एकेक हाताने काढायला तयार आहे, सकाळी सात ते नऊ. एका सुट्या जाड विटेच्या पोटात खळगा आणि त्यात दोन अक्षरं दिसली होती, तशा आणखी निघाल्या तर बाजूला ठेवायला सांगितलंय. सगळे कागद, फोटो, मॉडेल तीन ठिकाणी कॉपी केलंय. काही राहिलं का?

ड्रोनाचार्य
प्रत्येक थर काढला की समोरून एक फोटो, पट्टी ठेवून, त्याच जागेवरून. पॉवर बँक घेऊन जा.

लेवलट्यूब
हेल्मेट.